लायनीतलं बारसं

"अकोला-अमरावती रोड मले पाठ हाय! डोळ्यावर पट्टी बांधा, गाडी हाती द्या, नऊच्या आत अमरावतीत नेऊन उभं करतो!"

असं पंजाबराव गावंडे सकाळी साडेसहाला जठारपेठेतल्या आपल्या घरापुढे उभे राहून कानटोपीच्या आतून म्हणाले. पट्टीची तशी गरज नव्हती. डिसेंबरचं धुकं इतकं दाट पडलं होतं, की ज्या गाडीबद्दल ते बोलत होते ती गाडी त्यांना हाताने चाचपून शोधावी लागली.

पंजाबराव म्हणजे जिल्हा परिषद शाळेचे रिटायर हेडमास्तर. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, पण अंगातला हेडमास्तर काही रिटायर झाला नव्हता. दूध केंद्रावर चार माणसं घोळक्याने उभी दिसली, की त्यांना उंचीप्रमाणे लावायला पंजाबरावांचे हात शिवशिवत.

त्या दिवशीचं काम मोठं होतं. मुलगा अमोल, त्याची बायको पौर्णिमा. पौर्णिमा बाळंतपणाला माहेरी अमरावतीला गेलेली, आणि सव्वा महिन्याच्या नातवाचं आज तिथे बारसं. मुहूर्त अकरा वाजून पाच मिनिटांचा. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे पंजाबरावांची मुलगी मंजुषा हिचा. ती त्यासाठी आदल्या दिवशीच पातूरहून, आपल्या सासरहून, येऊन राहिली होती. पाच महिने खपून तिने एकेचाळीस नावांची यादी केली होती आणि त्यातून एक नाव काढलं होतं: शार्विल. त्याचा अर्थ तीन ठिकाणी तीन निघत होता, पण तिन्ही चांगले होते.

आता यात अडचण अशी, की पौर्णिमाची बहीण सीमा, म्हणजे पोराची मावशी, हिच्याजवळही एक नाव तयार होतं: कियांश. तिने म्हणे केकवर तसं लिहूनही आणलं होतं! आणि पौर्णिमाच्या आई ललिताबाई फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "आत्याबाईले उशीर झाला तं घाबरू नोका, मावशी हाये इथं."

हे ऐकल्यापासून पंजाबरावांची झोप उडाली होती.

"नातू गावंड्यायचा," ते गाडी सुरू करता करता म्हणाले, "अन् नाव ठेवीन त्यायची मावशी? माह्या जिवात जीव हाय तोवर नाय होत!"

"मंग हळू चालवा," मागच्या सीटवरून जमुनाबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता, पायांशी आणखी दोन डबे होते आणि काखेत नातवासाठी स्वतः भरून घेतलेलं कापसाचं दुपटं होतं.

मंजुषाने फोनवर नकाशा लावला. फोनमधली बाई बोलायला लागली.

"बंद कर ते," पंजाबराव म्हणाले. "तिनं कधी वऱ्हाडातलं धुकं पाह्यलं का? मी सांगतो. धुक्यात एकच करायचं. पुढच्या गाडीचा लाल दिवा धरायचा अन् त्याच्या मांगं मांगं निवांत जायचं. तो अमरावतीले जाते, आपण बी जातो."

अकोला मागे पडलं आणि पंजाबरावांना लाल दिवा सापडला. दिवा होता कापसाने भरलेल्या एका छोटा हत्ती टेम्पोचा. वर कापूस, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर शाल गुंडाळलेला एक माणूस. हिवाळ्यात या रस्त्यावर दर दुसरी गाडी अशीच असते, त्यामुळे पंजाबरावांना त्यात विशेष काही वाटलं नाही. दिवा सरळ गेला, हेही सरळ गेले. दिवा हळू झाला, हेही हळू झाले. पाऊण-एक तासाने दिवा डावीकडे वळला, हेही वळले. मग दिवा थांबला.

"थांबलो कावून?" जमुनाबाईंनी विचारलं.

"टोलनाका हाय," पंजाबराव म्हणाले. "मशीन बंद पडलं असन. लाइन लागली."

"बाबा, फोनवर तर वेगळंच दाखवते," मंजुषा म्हणाली. "आपण रोड सोडला म्हणते."

"तुले बंद कर म्हटलं ना मंजू!"

मंजुषाने बंद केला. मागून एक ट्रॅक्टर आला आणि यांच्या गाडीला नाक लावून उभा राहिला. त्याच्या मागे आणखी एक. डाव्या हाताला लांबच लांब भिंत होती, उजव्या हाताला नाली. लाइन मधूनच दोन हात पुढे सरकत होती.

अर्धा तास गेला. पुढच्या गाडीवरचा शालवाला खाली उतरला. त्याने रस्त्याच्या कडेला काटक्या पेटवल्या, गुळाचा चहा ठेवला आणि पंजाबरावांच्या काचेवर टकटक केली.

"या मास्तर, शेका थोडं!"

"मी मास्तर हाय, हे तुमी कसं वयखलं?"

"मघापासून आत बसून सगळ्यायले दटावून राह्यले तुमी. मास्तरच असन!"

तिघेही उतरले. शेकोटीभोवती आठ-दहा माणसं होती. चहा झाला, जमुनाबाईंनी डिंकाचे लाडू वाटले. लोक बोलत होते कापसाबद्दलच, पण वऱ्हाडात डिसेंबरात माणसं दुसऱ्या कशाबद्दल बोलतात? पंजाबराव मान डोलवत राहिले. टोलनाका आहे का, असं त्यांनी एकालाही विचारलं नाही. ज्याला रस्ता पाठ आहे तो रस्ता विचारत नाही, हा त्यांचा नियम!

साडेनऊला एक भानगड झाली. लायनीच्या मागच्या टोकाकडून एक म्हातारा आपली गाडी कडेकडेने दामटत पुढे घेऊन आला आणि पंजाबरावांच्या गाडीपुढे तिचं तोंड घालायला लागला. धोतर, स्वेटर, डोक्याला मफलर. गाडी पुतण्या चालवत होता, आणि म्हातारा पुढे पायी चालत हात दाखवत होता.

पंजाबरावांच्या अंगातला हेडमास्तर खाडकन उभा राहिला.

"ओ काका! हे काय करून राह्यले?"

"जाऊ द्या ना बाप्पा. मले बाराच्या आत मोकळं व्हायचं हाय. घरचं कार्य हाय."

"घर सगळ्यायलेच हाय! कार्य सगळ्यायलेच हाय! नाव काय तुमचं?"

"नत्थुजी."

"नत्थुजी, मांगं चाला!"

आणि तिथून पुढे जे झालं त्याला पंजाबराव स्वतःच जबाबदार होते. त्यांनी मंजुषाच्या पर्समधून नावांची यादी ओढून काढली. एका बाजूला शार्विल, आरुष, विवान अशी एकेचाळीस नावं होती. ती उलटी करून कोऱ्या बाजूवर त्यांनी लायनीतल्या गाड्यांचे नंबर घातले. एक, पंढरी. दोन, वासुदेव. अकरावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. नत्थुजी गेले एकोणीसवर.

"आता दर अर्ध्या तासानं हजेरी होईन," पंजाबरावांनी जाहीर केलं. "जो हजर नाय, त्याचा नंबर गेला!"

लोक खूश झाले. इतक्या वर्षांत या लायनीत अशी शिस्त कोणी लावली नव्हती. एकाने तर पंजाबरावांसाठी घरचा पाट आणून टाकला. पंजाबराव पाटावर उभे राहून नावं पुकारत आणि धुक्यातून "हजर!" येत राही. नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत एवढी हजेरी त्यांना कधी मिळाली नव्हती.

दहा वाजून गेले आणि धुकं उठलं.

आधी भिंत नीट दिसली. मग भिंतीपलीकडे पांढरं काहीतरी दिसलं. दोन मजली घराएवढा कापसाचा ढीग होता तो. मग गेट दिसलं, गेटावरची पाटी दिसली: जिनिंग अँड प्रेसिंग. हमरस्ता तिकडे दूर, नालीपलीकडे होता. त्यावरून गाड्या सुसाट अमरावतीकडे चालल्या होत्या.

मग जमुनाबाई बोलल्या.

"अवो, टोलनाक्यावर एवढा कापूस कावून हाय?"

कापूस विकायला आलेल्या लायनीत पंजाबराव दोन तास अकराव्या नंबरवर उभे होते! आणि नुसते उभे नव्हते, लायनीचे प्रमुख होते. गाडी मागे घेता येत नव्हती, कारण मागे ट्रॅक्टर होते. वळवता येत नव्हती, कारण एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला नाली होती. बाहेर पडायचा रस्ता एकच होता: गेटातून आत, वजनकाट्यावरून, मागच्या गेटाने बाहेर.

"मास्तर," शालवाल्याने विचारलं, "तुमचा माल कोणत्या गाडीत हाय?"

आता खरं सांगावं, तर सगळी लाइन हसणार. पंजाबरावांनी घसा खाकरला.

"मागून येऊन राह्यला," ते म्हणाले.

मंजुषाचे डोळे भरून आले. तिला बापाचा राग आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. भावाच्या पहिल्या पोराच्या कानात नाव सांगायचं, यासाठी ती पाच महिने दिवस मोजत होती. तेवढ्यात अमोलचा फोन आला.

"ताई, कुठी हाय तुमी? गुरुजीले दुसरं बारसं हाय, ते थांबत नाय म्हणतात. सीमा पाळण्याजवळ जाऊन उभी हाय!"

"अमोल, तिले थांबव! मी... आमी जाममधी हावो."

"मंग असं कर. मी फोन बाळाच्या कानाशी धरतो. तू तिथूनच नाव सांग. आत्याचा आवाज आला, झालं!"

हे बरं होतं. अकराला मंजुषा गाडीच्या बाजूला उभी राहिली. पदर नव्हता, म्हणून तिने डोक्यावर स्कार्फ घेतला. पाठीवर थापट्या मारायला जमुनाबाई मागे उभ्या राहिल्या. फोनमधून अमरावतीचा गलका ऐकू येत होता. बायका पाळणा म्हणत होत्या.

पण त्याच वेळी गेट उघडलं आणि लायनीत ढकलाढकली सुरू झाली. वॉचमन ओरडला, "यादी कोणापाशी हाय? यादीनं सोडतो!" पंजाबराव यादी घेऊन पाटावर चढले, तर एकोणीस नंबरचा माणूस जागेवर दिसेना. पाट गाडीच्या दुसऱ्या बाजूला होता. मंजुषापासून मोजून चार हातांवर!

"आत्याबाई, बोला!" फोनमधून गुरुजी म्हणाले.

मंजुषाने डोळे मिटले. जमुनाबाईंनी पाठीवर थाप मारली.

"कुर्रर्रर्रर्र..." मंजुषाने जेवढा होता तेवढा श्वास लावला, आणि नाव घेण्यासाठी नवा श्वास भरून घ्यायला क्षणभर थांबली.

"नत्थुजी!" पंजाबराव गरजले. तीन वर्गांच्या भिंती ओलांडून जाणारा आवाज होता तो.

"हजर!" तिकडून नत्थुजी ओरडले.

अमरावतीत टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी ताट वाजवलं. "नत्थुजी! नत्थुजी!" असा बायकांचा गलका फोनमधून इकडे ऐकू आला. मंजुषा ओरडत होती, "नाय, नाय! शार्विल! अमोल, शार्विल!" पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू जाणार? आणि फोन बंद झाला.

मंजुषा बापाकडे वळली.

"बाबा! पोराचं नाव नत्थुजी ठेवलं तुमी!"

पंजाबराव पाटावरून उतरले. त्यांनी गाडीचं दार उघडलं.

"फोनवरचं नाव धरत नाय," ते म्हणाले. "आपण जाऊ, तू समोरासमोर ठेव. चाल, बस गाडीत!"

पण आता काटा मध्ये होता. अकरा नंबर आला, गाडी आत गेली, काट्यावर चढली. काट्यावरच्या क्लार्कने वजन केलं आणि चिठ्ठी हाती दिली.

"माल उतरवा अन् रिकामी गाडी पुन्ना काट्यावर आणा. त्याशिवाय मागचं गेट उघडत नाय."

"अहो, माल नाय. आमी चुकून आलो," पंजाबराव हळूच म्हणाले.

"चुकून कोणी दोन घंटे लायनीत राह्यते का? उतरवा, उतरवा!"

मग काय उतरवणार? जमुनाबाई उतरल्या. मंजुषा उतरली. लाडवांचे डबे उतरले. जमुनाबाईंच्या काखेतलं दुपटं पाहून कापूस तपासणारा माणूस सवयीने पुढे झाला. त्याने दुपटं चिमटीत धरून दाबलं.

"धागा बरा हाय," तो म्हणाला. "ओल जास्त हाय."

"नातवाचं हाय ते!" जमुनाबाई कडाडल्या. "ओल येईनच त्याले!"

रिकामी गाडी काट्यावरून गेली. वरच्या पाटीवर लाल आकड्यांत फरक उमटला: एक क्विंटल साठ किलो. लायनीतल्या लोकांनी लगेच तोंडी हिशेब सुरू केला. डबे वीस धरा, पोरगी पन्नास धरा... लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण जमुनाबाईंचं वजन खुद्द पंजाबरावांना माहीत नव्हतं. आता ते अर्ध्या तालुक्याला माहीत झालं! बडनेरा येईपर्यंत त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

एक वाजता गाडी अमरावतीत पोचली. वाटेत पंजाबरावांनी माफीचं भाषण तयार केलं होतं. उशीर झाला, फोनमध्ये गडबड झाली, नाव पुन्हा ठेवू, असं तीन मुद्द्यांचं. मांडवात पाय ठेवला, आणि ललिताबाई धावत आल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"भाऊ! कोणत्या तोंडानं तुमचे उपकार मानू?"

पंजाबराव पहिला मुद्दा विसरले.

"माहा बाप मी चार वर्साची असतानी गेला," ललिताबाई म्हणाल्या. "मामानं मले वाढवलं, शिकवलं, लगन करून देल्लं. पह्यल्या नातवाले मामाचं नाव ठेवावं, असं लय वाटे मले. पण मान तुमचा! मी कशी म्हणू? सीमानं बी आपलं नाव मांगं घेतलं पाहा. अन् तुमी न सांगता वयखलं! एवढं मोठं मन कोणाचं असते आजकाल?"

केकवरचं कियांश खरंच सुरीने खरवडून काढलेलं होतं. अमोल आणि पौर्णिमा कौतुकाने बघत होते. अमोल म्हणाला, "बाबा, मले वाटलं तुमी त्यायच्याशी भांडान. तुमी तर कमालच केली!" चार पाहुणे उठून पंजाबरावांच्या पाया पडले. अशा वेळी दुसरा मुद्दा कोण काढणार? पंजाबरावांनी मंजुषाकडे पाहिलं. मंजुषा मांडवाच्या छताकडे पाहत होती.

"मामा आले नाय का?" एवढंच पंजाबरावांनी विचारलं.

"कापूस घेऊन गेले सकाळी, येतीनच आता."

पंजाबरावांना एकोणीस नंबर आठवला. वऱ्हाडात दोन माणसं अर्धा तास एका लायनीत उभी राहिली, गाव विचारलं, सोयरे विचारले, आणि नातं निघालं नाही, असं सहसा होत नाही. त्या सकाळी ते झालं, कारण नातं विचारायच्या जागी पंजाबराव नंबर टाकत होते.

दोन वाजता नत्थुजी आले. गाडी पुतण्याच्या हवाली करून, मिळेल त्या गाडीने आले होते. मफलरवर कापूस होता. मांडवाच्या दारातूनच ते बोलायला लागले.

"लवकरच येत होतो ललिता! पण लायनीत एक मास्तर भेटला. असा खडूस माणूस जन्मात पाह्यला नाय! सगळ्यायचे नंबर टाकले, अन् मले एकोणीसवर..."

आणि त्यांना पंजाबराव दिसले.

नत्थुजींनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"मास्तर, तुमी इथं? तुमचा मागून येणारा माल आला का मंग?"

"आला ना," जमुनाबाई म्हणाल्या. "काट्यावरून उतरून आला!"

पुढे अर्धा तास हसणं चाललं होतं. खरं काय ते सगळ्यांना कळलं, पण ललिताबाई काही ऐकेनात. देवानंच तसं घडवलं, म्हणाल्या, आता त्यात बदल नाही. नातवाला आपलं नाव मिळालं, हे ऐकून नत्थुजी जे खाली बसले ते डोळे पुसत बसले. त्या म्हाताऱ्याकडे पाहून नाव बदला म्हणायची हिंमत कोणाची होणार? पंजाबराव जिलेबीच्या ताटात बोट फिरवत राहिले.

मंजुषा मात्र हार मानणारी नव्हती. सगळे मांडवात असताना ती हळूच आतल्या खोलीत गेली. मागोमाग जमुनाबाई गेल्या, दुपटं द्यायला. पाळण्यात बाळ मुठी मिटून झोपलं होतं. मंजुषाने पहिल्यांदाच त्याला पाहिलं, आणि ती सकाळपासूनचा सगळा राग विसरली. ती वाकली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन, अगदी हळू, तिने तीनदा नाव घेतलं.

"शार्विल. शार्विल. शार्विल."

बाळ झोपलेलंच. पापणीही हलली नाही.

बाहेर मांडवात शेवटची पंगत बसत होती. आचाऱ्याने ओरडून हाक दिली, "नत्थुजी, चाला जेवाले! पानं वाढली!"

पाळण्यातल्या बाळाने टक्क डोळे उघडले आणि मान वळवून दाराकडे पाहिलं.

जमुनाबाईंनी दुपटं त्याच्या अंगावर टाकलं.

"ऱ्हाऊ दे मंजू," त्या म्हणाल्या. "त्यानं आयकलं."